तोंड राजाकडे, पाठ वेदीकडे

गुरुविद्यालयात प्रवचनशास्त्राच्या तासाला आमचे वयोवृद्ध प्राध्यापक तीन फ्रेंच नावे मोठ्या आदराने उच्चारीत असत : बोस्युए, बुर्दालू आणि मासियाँ. ख्रिस्ती वक्तृत्वाची ही तीन शिखरे. त्यांची विषयमांडणी, त्यांचा युक्तिवाद, श्रोत्याच्या अंतःकरणाला हात घालण्याची त्यांची हातोटी यांचे धडे आम्ही गिरवले. माझ्या मनात मात्र त्या वेळी एक वेगळाच प्रश्न घोळत असे. हे थोर पुरुष बोलत होते तेव्हा त्यांच्यापुढे बसलेली माणसे कोण होती? ती ऐकत होती, की शेजाऱ्याचा पोशाख न्याहाळत होती? गेली पंचवीसहून अधिक वर्षे धर्मग्रामात प्रवचने करीत असताना या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही.

त्याचे उत्तर शोधता शोधता मी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात जाऊन पोहोचलो. वाचनालयांतून आणलेली पुस्तके आणि काही वर्षांपूर्वी लूर्दच्या यात्रेहून परतताना व्हर्सायच्या राजवाड्यात घालवलेला एक दिवस, एवढीच माझी शिदोरी. मी इतिहासकार नव्हे. परंतु त्या दरबाराची कथा वाचताना मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

लुईचा जन्म १६३८ चा. १६४३ साली तो गादीवर आला तेव्हा त्याला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच्या बालपणी, १६४८ ते १६५३ या काळात, सरदारांनी आणि पॅरिसच्या नागरिकांनी राजसत्तेविरुद्ध बंड पुकारले. त्यातील १६५१ च्या फेब्रुवारी महिन्यातील एका रात्रीची हकिकत इतिहासात नमूद आहे. राजाला घेऊन राणीमाता पळून जाणार, अशी आवई उठली. जमाव राजवाड्यात शिरला. राजा जागेवर आहे याची खात्री पटावी म्हणून राणीमातेने लोकांना थेट त्याच्या शयनगृहात येऊ दिले. बारा वर्षांचा लुई डोळे मिटून झोपल्याचे सोंग करीत पडून राहिला आणि पॅरिसची सामान्य माणसे त्याच्या पलंगाजवळून त्याला निरखून गेली.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कारण हाच मुलगा मोठा झाला तेव्हा त्याने आपल्या पलंगाजवळ उभे राहून आपल्याला पाहण्याचा सोहळा केला, आणि तो पाहावयास मिळावा म्हणून फ्रान्समधील थोरामोठ्यांना रांगेत उभे केले. लहानपणी ज्या नजरांची त्याला दहशत वाटली होती, त्याच नजरा त्याने पुढे आपल्या सत्तेचे साधन बनविल्या.

व्हर्साय येथे त्याच्या पित्याने शिकारीसाठी एक लहानसा वाडा बांधला होता. लुईने त्याचा विस्तार केला आणि ६ मे १६८२ रोजी दरबार व सरकार कायमचे तेथे हलविले. पॅरिस दूर राहिले. सरदारांच्या गढ्या आणि जहागिरी त्याहून दूर राहिल्या. बंड करावयाचे तर सरदाराला आपल्या मुलखात, आपल्या माणसांत असावे लागते. तो जर वर्षानुवर्षे राजवाड्याच्या एखाद्या कोंदट खोलीत राहून उद्या राजा आपल्याशी दोन शब्द बोलेल काय याचीच चिंता करीत असेल, तर त्याच्या हातून बंड कसले होणार? राजाने तलवार न उपसता सरदारांना जिंकले.

दररोज सकाळी आठच्या सुमारास राजाचा मुख्य सेवक त्याला जागे करी. त्यानंतर क्रमाक्रमाने माणसे आत सोडली जात : प्रथम वैद्य, मग राजघराण्यातील मंडळी, मग विशेष मर्जीतले लोक आणि शेवटी इतर दरबारी. कोण कोणत्या टप्प्यावर आत जाणार, यावरून त्याची पत ठरे. राजाचा सदरा त्याच्या हाती देण्याचा मान उपस्थितांपैकी सर्वांत उच्च कुळातील पुरुषाचा. सदऱ्याच्या उजव्या बाहीला एक मानकरी, डाव्या बाहीला दुसरा. रात्री राजा झोपावयास जाताना मेणबत्तीचे लहानसे शमादान धरून उभे राहण्याचा मान कोणाला मिळणार, हे राजा त्या क्षणी नाव घेऊन सांगे. जो माणूस युद्धात पलटण घेऊन लढला होता, तो हाती मेणबत्ती मिळाली म्हणून कृतकृत्य होऊन घरी जाई.

या दरबाराच्या आठवणी ड्यूक द सँ-सिमाँ याने पुढे हजारो पृष्ठांत लिहून ठेवल्या. १६९१ साली तो तरुणपणीच दरबारात आला आणि त्याच्या बारीक, काहीशा कडवट नजरेतून फारसे काही सुटले नाही. तो सांगतो की, कोण हजर आहे आणि कोण नाही, हे राजा येता-जाता टिपून ठेवी. नेहमी गैरहजर राहणाऱ्या सरदारासाठी कोणी शब्द टाकला, तर आपण त्या माणसाला कधी पाहत नाही, एवढेच राजा म्हणे. या एका वाक्याने माणसाचे भवितव्य संपे. शिक्षा नाही, तुरुंग नाही. फक्त राजाची नजर त्याच्यावरून निघून गेली.

दरबारातील पोशाखाचे वेड समजून घ्यायचे तर ही नजर ध्यानात ठेवली पाहिजे. तेथे कापड अंग झाकण्यासाठी नव्हते. ते राजाच्या नजरेत भरण्यासाठी होते. जोड्यांच्या लाल टाचा हे दरबारात प्रवेश असलेल्या उमरावांचे चिन्ह. सोन्या-चांदीच्या जरीने मढविलेला, तांबडे अस्तर असलेला एक निळा अंगरखा तर केवळ राजाच्या लेखी परवान्यानेच घालता येई. असे परवाने मोजकेच असत. एखादा परवानाधारक मरण पावला की त्याच्या जागेसाठी धावपळ सुरू होई. राणीच्या समोर पाठ नसलेल्या स्टुलावर बसण्याचा अधिकार डचेस स्त्रियांना होता; बाकीच्या तासन्‌तास उभ्या राहत. त्या स्टुलासाठी विवाह ठरत, आणि ते मिळाले नाही म्हणून घराण्या-घराण्यांत वैर धरले जाई.

एका केशरचनेची कथा मला फार करुण वाटते. १६८० च्या सुमारास फाँतांज नावाची एक अतिशय देखणी तरुणी राजाच्या मर्जीत होती. शिकारीच्या वेळी वाऱ्याने तिची टोपी उडाली, तेव्हा तिने विस्कटलेले केस हाताशी असलेल्या फितीने डोक्यावर बांधले, असे सांगतात. राजाला ते आवडले आणि पाहता पाहता दरबारातल्या साऱ्या स्त्रिया तसेच केस बांधू लागल्या. १६८१ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, ती मुलगी मरण पावली. दरबार तिला विसरला. तिच्या नावाची केशरचना मात्र तारांच्या आधाराने, लेसच्या घड्यांनी उंच उंच होत गेली आणि पुढे अनेक वर्षे युरोपभर मिरवली. माणूस विसरले गेले, केशरचना तेवढी उरली.

या झगमगाटामागे एक चाणाक्ष अर्थकारणही होते. राजाचा मंत्री कोल्बेर याने पाहिले की, लेस आणि आरसे यांपायी फ्रान्सचा पैसा व्हेनिसकडे वाहून जात आहे. १६६५ साली त्याने दोन्हींचे कारखाने फ्रान्समध्ये सुरू केले आणि व्हेनिसचे कसबी कारागीर फूस लावून आणले. व्हर्सायच्या सुप्रसिद्ध आरसेमहालात ३५७ आरसे आहेत. त्र्याहत्तर मीटर लांबीच्या त्या दालनातून चालताना मला वाटले, जेथे प्रत्येक जण स्वतःला आणि दुसऱ्याला अखंड पाहतो आहे, अशा समाजाने बांधलेले हे जणू मंदिरच. १६७२ साली निघालेले ‘मर्क्युर गालाँ’ हे नियतकालिक दरबारी पोशाखांच्या वार्ता दूरवरच्या गावांना पुरवी. अशा रीतीने जो राजवाड्यात कधी जाणार नव्हता, त्यालाही राजवाड्याची हाव लागली.

या फॅशनचा एक धागा आपल्या देशापर्यंतही येतो. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ साली स्थापन झाली आणि १६६८ मध्ये तिने सुरतेला वखार घातली. भारतातील रंगीत, फुलाफुलांच्या छिटांनी फ्रेंच स्त्रियांना एवढे वेड लावले की, देशी रेशीम-लोकर विणणाऱ्यांचा धंदा बुडू लागला. शेवटी ऑक्टोबर १६८६ मध्ये राजाने त्या कापडाची आयात आणि फ्रान्समधील छपाई या दोहोंवर बंदी घातली. तरी चोरटा माल येतच राहिला आणि प्रतिष्ठित स्त्रिया तो नेसतच राहिल्या. याच काळात कोल्बेरच्या पाठबळाने आबे कारे नावाचे एक फ्रेंच धर्मगुरू आपल्या पश्चिम भारतात प्रवास करून गेले आणि शिवाजी महाराजांविषयी त्यांनी फ्रेंच भाषेत लिहून ठेवले.

खर्चाला मर्यादा नव्हती. डिसेंबर १६९७ मध्ये राजाच्या नातवाचा विवाह झाला. राजा स्वतः साधे कपडे घालू लागला होता. पण या प्रसंगी दरबारी थाटामाटात यावेत, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. मग काय विचारता? कारागीर मिळेनासे झाले. राजघराण्यातील एका स्त्रीने तर दुसऱ्या सरदाराच्या वाड्यात काम करीत असलेले कारागीर शिपाई पाठवून उचलून आणवले. आपल्या आणि पत्नीच्या पोशाखांना मिळून वीस हजार लिव्ह्र एवढा खर्च आला, असे सँ-सिमाँ लिहितो. बायकांच्या कपड्यांपायी स्वतःचे दिवाळे काढणारे नवरे आपल्याला समजत नाहीत, असे राजाने याच वेळी म्हटल्याचेही तो सांगतो. अवघ्या तीन-चार वर्षांपूर्वी, १६९३-९४ च्या दुष्काळात, याच देशात दहा लाखांहून अधिक माणसे मेली होती.

जेथे सारे काही एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असते, तेथे मत्सराला आणि कारस्थानाला अंत राहत नाही. १६७६ साली ब्रँव्हिलिए या उमराव स्त्रीला पिता व भाऊ यांच्यावर विषप्रयोग केल्याबद्दल देहान्त शासन झाले. पोलीस प्रमुख ला रेनी याने पुढे तपास केला, तेव्हा पॅरिसमधील ज्योतिषी, चेटकिणी आणि विष विकणारे यांचे भयानक जाळे उघडकीला आले. १६७९ मध्ये राजाने खास न्यायासन नेमले. ला व्वाझँ नावाच्या मुख्य आरोपी स्त्रीला २२ फेब्रुवारी १६८० रोजी जिवंत जाळण्यात आले. तीसहून अधिक जणांना देहदंड मिळाला. तिच्या दाराशी जाणाऱ्यांत मोठमोठ्या घराण्यांतील स्त्री-पुरुष होते. कोणाला नवरा नकोसा झाला होता, कोणाला वारसा लवकर हवा होता, कोणाला राजाचे प्रेम हवे होते. एका पतित धर्मगुरूने वेदीची विटंबना करून अघोरी विधी केल्याचे कबुलीजबाबही नोंदविले गेले. धर्मगुरू म्हणून ती पाने वाचताना मान खाली जाते.

कबुलीजबाबांत एक नाव आले आणि राजा हादरला. ते नाव होते मॅडम द माँतेस्पाँ. राजाच्या सात मुलांची आई, दरबाराची अनभिषिक्त राणी. तिच्यावरील आरोप न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाहीत, कारण राजाने ते न्यायालयापुढे येऊच दिले नाहीत. १६८२ मध्ये खटले आटोपते घेतले गेले. जे फार काही जाणत होते, त्यांना दूरच्या किल्ल्यांत जन्मभर कोंडून ठेवले. त्यासंबंधीचे कागद राजाने जपून ठेवले होते. ला रेनीच्या मृत्यूनंतर, तब्बल तीस वर्षांच्या अंतराने, १७०९ साली त्याने ते जाळून टाकले.

आता मी माझ्या मूळ प्रश्नाकडे वळतो. हे सारे लोक उपासनेला येत होते काय? येत होते, आणि नियमाने येत होते. राजा दररोज मिस्सा ऐकत असे. त्यामुळे दरबारही ऐकत असे. १६८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ला ब्रुयेर या लेखकाने प्रार्थनामंदिरातील दरबाऱ्यांचे मोठे मार्मिक चित्र रेखाटले आहे : वर राजा गुडघे टेकून बसला आहे आणि खाली उभ्या असलेल्या उमरावांची पाठ वेदीकडे व तोंडे राजाकडे आहेत. १७१० साली पूर्ण झालेले व्हर्सायचे सध्याचे प्रार्थनामंदिर मी पाहिले, तेव्हा या वर्णनाचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहिला. राजाची जागा वरच्या मजल्यावर, वेदीच्या बरोबर समोर. राजाला पाहावयाचे तर वेदीकडे पाठ फिरविल्यावाचून गत्यंतर नाही.

सँ-सिमाँने सांगितलेला एक किस्सा तर प्रत्येक धर्मगुरूने ऐकावा असा आहे. हिवाळ्यात गुरुवारी आणि रविवारी सायंकाळी पवित्र साक्रामेंताची उपासना असे. राजा येणार असे वाटले की दरबारातल्या स्त्रियांनी सज्जे भरून जात. प्रत्येकीपुढे लहानशी मेणबत्ती. प्रार्थनापुस्तक वाचण्यासाठी म्हणून, पण खरे तर राजाला आपला चेहरा दिसावा म्हणून. राजाच्या अंगरक्षकांचा अधिकारी ब्रिसाक हा मोठा स्पष्टवक्ता गृहस्थ होता. एके दिवशी उपासनेपूर्वी तो पुढे आला आणि त्याने शिपायांना मोठ्याने हुकूम दिला की, राजा येणार नाही, तेव्हा परत फिरा. पाहता पाहता मेणबत्त्या विझल्या आणि मोजके अपवाद सोडले तर साऱ्या स्त्रिया निघून गेल्या. त्या गेल्यावर ब्रिसाकने शिपायांना पुन्हा जागेवर उभे केले. थोड्याच वेळात राजा आला आणि रिकामे सज्जे पाहून चकित झाला. ब्रिसाकने खरा प्रकार सांगितला तेव्हा राजा खूप हसला, असे सँ-सिमाँ लिहितो. मला मात्र त्या मागे राहिलेल्या मोजक्या स्त्रियांविषयी कुतूहल वाटते. त्या दिवशी त्या मंदिरात खरोखर उपासनेला आलेल्या तेवढ्याच.

अशा श्रोत्यांपुढे आमचे ते तीन प्रवचनकार उभे होते. त्यांनी गुळमुळीत उपदेश केला, असे कोणी म्हणणार नाही. १६६२ च्या उपवासकाळात बोस्युए यांनी लूव्ह्रच्या राजवाड्यात प्रवचने केली, तेव्हा बाहेर दुष्काळ होता. श्रीमंत माणूस आणि लाजरस यांच्या दाखल्यावर बोलताना, गरीब माणसे तुमच्या दाराशी उपासमारीने मरत आहेत, हे त्यांनी राजाच्या तोंडावर सांगितले. येशूसंघीय बुर्दालू १६७० पासून दरबारात प्रवचने करू लागले. त्यांना ऐकण्यासाठी एवढी गर्दी होई की, मोठ्या घरचे लोक जागा धरण्यासाठी नोकर आधीच पाठवून ठेवीत. ते माणसाच्या दुर्गुणांचे हुबेहूब चित्र काढीत आणि श्रोते ते चित्र कोणाचे हे ओळखण्यात रंगून जात. शेजाऱ्याचे पाप ओळखण्याचा आनंद घेऊन दरबार घरी जाई. प्रवचन हीसुद्धा एक फॅशन झाली होती!

तरीही शब्द वाया गेले नाहीत. लुईझ द ला व्हालिएर ही सतरा वर्षांची लाजाळू मुलगी १६६१ मध्ये दरबारात आली आणि राजाची प्रेयसी झाली. तिला डचेस केले गेले, मुले झाली. पुढे राजाचे मन माँतेस्पाँकडे वळले. लुईझने दोनदा मठात पळ काढला. १६७१ मध्ये दुसऱ्यांदा गेली तेव्हा खुद्द कोल्बेर तिला परत घेऊन आला. अखेर एप्रिल १६७४ मध्ये, बोस्युए यांच्या मार्गदर्शनाने, तिने दरबाराचा कायमचा निरोप घेतला. जाण्यापूर्वी ती राणीकडे गेली आणि सर्वांसमक्ष तिच्या पाया पडून तिने क्षमा मागितली. राजापुढे शोभून दिसण्याची चढाओढ जेथे अष्टौप्रहर चाले, त्या दरबाराने हे दृश्य पूर्वी पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी पॅरिसच्या कार्मेल मठात तिने अखेरची व्रते घेतली. बोस्युए यांनी प्रवचन केले आणि ज्या राणीचा संसार तिने दुखावला होता, त्या राणीच्या हातून तिने काळी ओढणी स्वीकारली. ‘दयेची भगिनी लुईझ’ हे तिचे नवे नाव. एकोणतिसाव्या वर्षी ती त्या दारातून आत गेली आणि छत्तीस वर्षांनी, १७१० मध्ये, तेथेच देवाघरी गेली.

परंतु या साऱ्या कथेत मला सर्वांत जवळची वाटणारी व्यक्ती कोणी बिशप नव्हे, की राजाच्या वंशातली नव्हे. १६७५ च्या पवित्र सप्ताहात मॅडम द माँतेस्पाँ व्हर्सायच्या धर्मग्रामात पापनिवेदनासाठी गेली. पास्काच्या सणाला तिला कम्युनियन घ्यायचे होते. तेथील साहाय्यक धर्मगुरू लेक्युये यांनी तिला पापक्षमा देण्यास नकार दिला. ती विवाहित, राजा विवाहित, साऱ्या देशाला ठाऊक असलेला संबंध तोडण्याची तिची तयारी नाही. मग पापक्षमा कशी द्यावी? ती संतापून प्रमुख धर्मगुरूंकडे गेली. त्यांनी आपल्या साहाय्यकाचीच बाजू घेतली. प्रकरण राजापर्यंत गेले. राजाने बोस्युए यांना विचारले, आणि या धर्मगुरूंनी आपले कर्तव्यच केले आहे, असे बोस्युए यांनी सांगितले.

वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. ज्या स्त्रीच्या एका शब्दाने सेनापती नेमले जात, तिच्यापुढे पापनिवेदनाच्या जाळीआड बसलेला हा साहाय्यक धर्मगुरू. दरबाराच्या उतरंडीत त्याला कोठेच स्थान नव्हते. राजाची नजर त्याच्यावर कधी पडली नव्हती; म्हणूनच कदाचित ती नजर निघून जाण्याचे भयही त्याला नव्हते. रोज गावातील मजुरांची, मोलकरणींची पापे ऐकताना जो नियम तो पाळीत असे, तोच त्याने त्या दिवशी पाळला. त्या जाळीपलीकडे कोण आहे हे त्याला कळले होते. पण तेवढ्यावरून नियम बदलावा, असे त्याला वाटले नाही.

या घटनेने राजा आणि माँतेस्पाँ काही काळ खरोखर वेगळे झाले. राजा युद्धावर गेला आणि बोस्युए त्याला पत्रे लिहून धीर देत राहिले. परंतु हा विजय टिकला नाही. काही काळाने दोघांची भेट व्हावी असे ठरले. बोलणे चारचौघांत व्हावे म्हणून वयस्क, प्रतिष्ठित स्त्रिया साक्षीला बसविल्या. दोघे बोलत बोलत खिडकीपाशी गेले, साक्षीदार स्त्रियांना अभिवादन केले आणि शेजारच्या दालनात निघून गेले. १६७७ आणि १६७८ मध्ये त्यांना आणखी दोन मुले झाली.

मग लेक्युये यांचा नकार व्यर्थ गेला काय? मला तसे वाटत नाही. पापक्षमा ही राजाच्या मर्जीने मिळणारी वस्तू नव्हे, हे त्या राज्यात एकदा तरी कोणी तरी कृतीने दाखवून दिले. माँतेस्पाँने १६९१ मध्ये दरबार सोडला. तिची उरलेली वर्षे प्रायश्चित्तात गेली, असे सँ-सिमाँ सांगतो. एकेकाळी जरीच्या वस्त्रांत वावरणारी ही स्त्री आतून जाडाभरडा सदरा आणि टोकदार काट्यांचा पट्टा घालू लागली, आणि गरिबांसाठी कपडे शिवत बसू लागली. मृत्यूचे भय एवढे की, रात्री खोलीत मेणबत्त्या जळत ठेवून सोबतीला स्त्रिया जागत्या ठेवी. १७०७ मध्ये ती वारली. ज्या क्षमेसाठी तिने १६७५ मध्ये हट्ट धरला होता, ती मिळविण्याचा खरा मार्ग तिला अखेर सापडला असावा, अशी माझी श्रद्धा आहे.

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. दरबाराची हवा धर्मपुरुषांनाही बाधल्यावाचून राहिली नाही. ऑक्टोबर १६८५ मध्ये राजाने प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. घराघरांत सैनिक घुसवून लोकांना धर्मांतरास भाग पाडले गेले होते. सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली. दरबाराने टाळ्या वाजवल्या. आणि १६८६ च्या आरंभी एका मंत्र्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनात बोस्युए यांनीही या कृत्याचे गुणगान केले. राजाच्या शयनगृहातील पापाविषयी जो माणूस निर्भय होता, तोच राजाच्या अन्यायी आज्ञेपुढे भाट झाला. राजाच्या खाजगी पापाविरुद्ध बोलणे कठीण. पण सारा दरबार ज्याला पुण्य म्हणतो त्या पापाविरुद्ध बोलणे त्याहून कठीण. पुढे फेनलाँ यांनी दुष्काळाच्या वर्षांत राजाला उद्देशून एक निनावी पत्र लिहिले आणि युद्धे व डामडौल यांपायी प्रजा उपाशी मरत असल्याचे त्यात बजावले. त्यांना १६९७ मध्ये दरबारातून कायमचे दूर केले गेले. कारण धर्मशास्त्रीय वादाचे होते, पण दरबाराला त्यांची उणीव भासली नाही.

१ सप्टेंबर १७१५ रोजी लुई मरण पावला. बहात्तर वर्षे त्याने राज्य केले. त्याचे शव साँ-दनीकडे नेले जात असताना रस्त्याच्या कडेला लोक खात-पीत, गाणी म्हणत उभे होते. ज्याच्यावर सारा देश डोळे लावून बसला होता, त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी मात्र आले नाही. त्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या श्राद्धविधीत मासियाँ यांनी प्रवचन केले. लुईला लोक ‘थोर’ ही पदवी लावीत. मासियाँ यांनी पहिल्याच वाक्यात ती पदवी मृत राजाकडून काढून घेतली आणि देवाला परत केली. गुरुविद्यालयात आमचे प्राध्यापक त्या आरंभाचे सौंदर्य समजावून सांगताना गहिवरत असत. मला मात्र आता असे वाटते की, हे वाक्य राजा जिवंत असताना, वरच्या सज्जात बसलेला असताना उच्चारले गेले असते, तर त्याचे मोल किती वाढले असते!

प्रत्येक काळाला आपला राजा असतो आणि आपला सज्जा असतो. वेदीकडे पाठ फिरवून त्याच्याकडे पाहण्याचा मोह उपासकाला होतो, तसा प्रवचनकारालाही होतो. प्रवचनकाराचा मोह अधिक सूक्ष्म, कारण त्याचे तोंड तर लोकांकडे असतेच. आपले शब्द कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून निवडले जात आहेत, हे त्याला एकट्यालाच ठाऊक असते. म्हणून रविवारी प्रवचनाला उभा राहण्यापूर्वी मी बोस्युए यांचे वक्तृत्व मागत नाही. व्हर्सायच्या त्या साहाय्यक धर्मगुरूंना जो साधा, समान नियम पाळता आला, तो मला पाळता यावा, एवढेच मागतो. त्यांचे एकही प्रवचन आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.